मामूच्या हातातला दोर

माझ्या कमरेला दोर बांधताना मामूनं कधी खाली फडकं ठेवलं नाही. इतकी वर्षं मी टाकीत उतरलो, दोर काचला, वळ उठले, वळांवर घाम उतरून चरचरलं. पण ‘थांब, खाली काहीतरी घालू’ असं त्या माणसाच्या मनात एकदाही आलं नाही. आणि गवय्या आला त्या पहिल्याच दिवशी मामूनं खांद्यावरचा स्वतःचा रुमाल काढला, झटकला, त्याची पट्टी करून गवय्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि मग त्यावर दोर बांधला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता वय झालं, दात गेले, माणसांची तोंडं विसरायला होतात. पण ती रुमालाची पट्टी अजून दिसते आणि अजून पोटात दुखतं.

एवढ्याशा रुमालाचं काय घेऊन बसलाय, असं ज्याला वाटतं त्यानं टाकी पाहिलेली नाही.

वाशीमच्या स्टेशनाला लागून तेलाचा डेपो होता. ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. रेल्वेनं घासलेट यायचं, ते डेपोतल्या लोखंडी टाक्यांत भरायचं, टाकीतून डबे भरायचे आणि डबे बैलगाड्यांवर लादून गावोगाव जायचे. पुढे रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या तशी पेट्रोलचीही एक टाकी उभी राहिली. मी जऊळक्याकडचा. घरी शेत थोडं आणि भाऊ पुष्कळ, म्हणून डेपोत हमाल म्हणून लागलो आणि टाकीत उतरणारा झालो.

डेपोच्या फाटकावर काडेपेटी, चकमक, विड्या सगळं काढून ठेवावं लागे. वहाणासुद्धा. तळाला खिळे असतात, खिळा दगडावर घासला की ठिणगी पडते. आत लोखंडी फावडं चालत नसे, लाकडी खोरं आणि चामड्याची बादली. नवा माणूस पहिले दोन दिवस कुरकुरायचा. मग त्याला कुणीतरी आमच्या फाटकवाल्याचं तोंड जवळून दाखवायचं. त्याला भुवयाही नव्हत्या आणि पापण्याही नव्हत्या. त्यानंतर कुणी कुरकुरत नसे.

टाकीच्या तळाशी गाळ बसतो. अधूनमधून टाकी रिकामी करायची, माथ्यावरचं झाकण उघडून कितीतरी दिवस वारं खेळू द्यायचं आणि मग एकानं आत शिडीनं उतरून गाळ काढायचा. तेल गेलं तरी तेलाची वाफ आत दबा धरून असते. गाळ ढवळला की उठते. ती दिसत नाही, आणि मेली वाईटही लागत नाही. आधी डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं, दमलेल्या माणसाला सावली मिळावी तसं बरं वाटतं. मग माणूस जरा टेकतो. टेकला की संपला, कारण उठावंसं त्याला वाटतच नाही. म्हणून आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर असायचा आणि दोराचं दुसरं टोक टाकीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाच्या हातात. तो माणूस म्हणजे मामू.

मामू वाशीमचाच, मुसलमान मोहल्ल्यातला, माझ्याहून बराच मोठा. सगळा डेपो त्याला मामू म्हणायचा. त्याच्या बापजाद्यांचं काम विहिरी उपसायचं. जुन्या विहिरीतही कोंदलेली हवा असते. तिथं आधी दोरीनं कंदील सोडतात, आणि तो खाली विझला तर कुणी उतरत नाही. पण तेलाच्या टाकीत कंदील सोडला तर टाकी, मामू आणि डेपो सगळंच आभाळात गेलं असतं. म्हणून मामूनं आमच्याकडे एक रीत बसवली. आतल्या माणसानं तोंड बंद ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी मला बांधता बांधता तो म्हणाला होता, “दिवा त सोडता येत नाई अठी. मंग आवाज सोडाचा. तू बोलत राय. काईबी बोल. आवाज इझला का म्या दोर ओढलाच समज.”

“अन् मी नुसता दम घेत असन त?”

“तरी ओढन. वर येऊन घेजो दम.”

तर मी बोलायचो. माझा आवाज फुटक्या डब्यात खडे टाकल्यासारखा. चांगलं बोलायला फार काही नव्हतं, म्हणून शिव्या द्यायचो. डेपोबाबूला, मुकादमाला, सासऱ्याला, बाजारातल्या वांगीवालीला, पायाला चावणाऱ्या मुंग्यांना. टाकीत आवाज घुमायचा आणि माझी शिवी स्टेशनापर्यंत जायची. बाबूला ऐकू जायची तेव्हा तो खिडकी लावून घ्यायचा. टाकीतल्या माणसाचं तोंड बंद करायचं नाही हे त्यालाही कबूल होतं. वरून मामू हसायचा, एखादं लाकूड आणखी सारायचा. “सासऱ्याचं झालं काय बे? अन् सायाचं राह्यलंच की.” मग मी साल्याला धरायचो. लोक म्हणायचे, हे दोघं जुन्या नवराबायकोसारखे भांडतात. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. जगात माझा असा एक माणूस होता की ज्याच्या हातात माझा जीव दरवेळी दिला तरी तो दिल्याची आठवणही मला राहत नसे.

आणि मग गवय्या आला.

तो कामरगावचा. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे गावोगाव डंडार उभी राहते, सोंगं आणि नाचगाणी होतात, त्यात तो बायकी सोंग घ्यायचा. अंगानं सडपातळ, केस कानामागे वळवलेले, आणि गळा असा की शत्रूनंही थांबून ऐकावं. मीच तो शत्रू, आणि मी थांबून ऐकायचो. त्यातून माणूस स्वभावानं गरीब. मला दादा म्हणायचा, माझ्या आधी पाण्याला हात लावायचा नाही. त्याला नावं ठेवायला मला फार कष्ट पडायचे.

मामूनं त्याला पहिल्यांदा घासलेटच्या लहान टाकीत उतरवलं. रीत सांगितली, बोलत राय. तो लाजला.

“मले जास्त बोलता येत नाई मामू. गाऊ का?”

“गा की. आवाज पायजे आमाले, मंग कसाबी असो.”

त्यानं आपलंच रचलेलं गाणं धरलं. वाशीमला दिलेली एक बहीण दारात उभी आहे आणि कामरगावचा भाऊ तिला माहेरी न्यायला गाडी जुंपून निघाला आहे. गाणं भलतंच लांब. गाडी कामरगावहून निघते, कारंज्याला येते, पुढे मंगरूळ, मग वाशीमची वेस, मग बहिणीचं दार. दर गावाला दोन कडवी, मध्ये बैल पाणी पितात, भाऊ ठिगळाच्या सदऱ्याची काळजी करतो, असं चालायचं. त्यातलं एक अजून डोक्यात आहे, कितीही झटकलं तरी जात नाही.

‘आली गाडी आली, कारंज्याच्या वेशीपाशी,
बैलाइच्या गयात घुंगरू, बहीण माही उपाशी.’

टाकीनं माझ्या शिव्यांचं जे केलं तेच त्या गाण्याचं केलं. उचललं आणि चहूकडे पसरवलं. डबे भरणाऱ्या बाया थांबल्या. हमाल टाकीच्या सावलीत येऊन उकिडवे बसले. बाबूनं खिडकी उघडली. आणि वर, टाकीच्या तोंडाशी, दोर हातात घेऊन मामू बसला होता तो डोळे मिटून मान हलवत होता. त्याला गाण्याचं वेड होतं, उरसाला कव्वाली ऐकायला तो कुठं कुठं पायी जायचा. हे मला माहीत होतं. माझ्या शिव्यांवर मात्र त्यानं कधी मान हलवली नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या अंगाचा जो तिळपापड सुरू झाला तो थांबेचना. ईदला मामूच्या घरून शिरखुर्म्याची पहिली वाटी दरसाल माझ्याकडे यायची. त्या साली ती गवय्याच्या खोलीवर गेली. माझ्याकडेही आली, नाही असं नाही, पण नंतर आली आणि निवलेली होती. टाकीतून वर आल्यावर चघळायला गुळाचा खडा मामूच्या फडक्यात बांधलेला असायचा. मला मिळायचा तो आपला खडा. गवय्याला मिळायचा तो मामू आधी फुंकून मुंग्या झटकून द्यायचा. मी मुंग्यांसकट खाल्लेला गूळ मला आठवायचा.

घरी मी बायकोचं डोकं खायचो. “त्याले ताल तरी आहे का? अन् मंगरुयाच्या आधी नाला येते, हा नंतर आणते. बैल काय उडून गेले?”

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “तुमाले त सारं गानं पाठ झालं.”

“पाठ कायले होईन? कानावर पडते.”

“जयून राह्यले तुमी.”

“मी?”

“नाई, चूल.”

जळत होतोच. मामू माझा होता. त्याला मी काही लिहून घेतलं नव्हतं, पण ज्याच्या दोरावर आपण इतकी वर्षं लोंबकळलो तो आपला नाही तर कुणाचा?

पुढचा घाव उन्हाळ्यात बसला. पेट्रोलची टाकी साफ करायची होती. तिच्यात नेहमी मीच उतरायचो, कारण ती सगळ्यात वाईट. घासलेटची वाफ त्या मानानं भोळी, पेट्रोलची फार पटकन धरते. गाठ घट्ट बसावी म्हणून मी दोर भिजवायला बसलो होतो, इतक्यात मामू आला आणि म्हणाला, “आज गवय्या उतरन.”

“काहून? मी मेलो काय?”

“तू लय वर्सं उतरला. त्याले बी शिकू दे. तू आरसा धर.”

आरसा! टाकीत दिवा नेता येत नाही म्हणून वरून आरशानं ऊन आत पाडायचं असे. सूर्य डोक्यावर असतानाच हे काम चालायचं. आरसा धरायचं काम म्हणजे ज्याला दुसरं काही येत नाही त्याला द्यायचं काम. मी, ज्यानं त्या टाकीचा तळ पायानं ओळखला होता, तो आता गवय्याला नीट दिसावं म्हणून आरसा धरून उभा राहणार. माझ्या तोंडाशी शिवी आली, पण टाकीबाहेर शिव्यांना मुभा नव्हती.

मामूनं रुमालाची पट्टी केली, गवय्याच्या कमरेला गुंडाळली, दोर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. गवय्या माझ्याकडे पाहून हसला. “ऊन बराबर पाडजा दादा.” मी आरसा पुसायला लागलो.

तो दिवस असा होता की झाडाचं पान हलत नव्हतं. टाकी पुष्कळ दिवस उघडी होती, तरी वाराच नाही तर आत काय खेळणार? मामूनं तोंडाशी वाकून वास घेतला, जरा थांबला, पुन्हा घेतला. मग म्हणाला, चालते. मलाही चालेलसंच वाटलं होतं. माथ्यावर मामू, मी आणि ओढायला दोन हमाल. लोखंड एवढं तापलेलं की खाली गोणपाट भिजवून टाकलं होतं. खाली डबे भरायच्या छपरात सगळा डेपो जेवणाची फडकी सोडून बसला होता. गवय्या उतरणार म्हटलं की आमच्याकडे जेवणाची वेळ आपोआप सरकायची.

गाणं सुरू झालं. गाडी कामरगावहून निघाली. मी उन्हाचा तुकडा त्याच्या पायाशी पाडत होतो, तो लाकडी खोऱ्यानं गाळ ओढत होता, खोऱ्याचा खसखस आवाज तालावर येत होता. बादली भरून वर आली, रिकामी होऊन खाली गेली. गाडी कारंज्याला आली. मामूनं डोळे मिटले. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला वाटलं, हा आरसा असाच फिरवावा आणि याच्या तोंडावर ऊन मारावं.

गवय्या सरकत सरकत कोपऱ्याकडे गेला. आरशाचं ऊन तिथवर पोचत नव्हतं. मला तो दिसेनासा झाला, नुसता आवाज येत होता. आणि त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा गोड लागत होता, हे मी कबूल करतो. सावकाश, ओघळल्यासारखा. खाली कुणीतरी वाहवा म्हटलं. गाडी मंगरुळाला पोचली, बैल पाणी प्यायले. आता वाशीमची वेस यायची.

‘आली गाडी आली, कारंज्याच्या वेशीपाशी.’

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. चुकला! इतके महिने ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. मंगरुळाहून निघालेली गाडी कारंज्याला परत कशी येईल? मी मामूकडे पाहिलं, आता तरी याच्या लक्षात येईल म्हणून. मामू मान हलवत होता. त्याला काही कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. ते सगळे गळा ऐकत होते. गाणं ऐकणारा मी एकटाच होतो, कारण मी खोट काढायला बसलो होतो.

‘कारंज्याच्या वेशीपाशी… बैलाइच्या गयात… कारंज्याच्या वेशीपाशी…’

खोऱ्याची खसखस थांबलेली होती. ती कधी थांबली हे मला सांगता आलं नसतं. माझ्या पायांखालचं लोखंड तापलेलं होतं आणि तरी मला गार वाटलं.

“मामू, ओढा!”

मामूनं डोळे न उघडता हात वर केला. “थांब ना बे. ऐकू दे.”

“ओढा म्हणतो ना!”

खालून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, “दादाच्या पोटात दुखून राह्यलं, गूळ द्या त्याले!” सगळे आणखी हसले. ओढणारे हमालही हसले. माझा जळफळाट सगळ्या डेपोला पाठ होता, त्यामुळे माझ्या ओरडण्याचा अर्थही त्यांना आधीच ठाऊक होता.

“मामू, गाडी परत कारंज्याले आली! तो बसला खाली!”

मामूचे डोळे उघडले. त्याचं हे मात्र सांगितलंच पाहिजे की त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. दोर एका झटक्यात त्याच्या दंडाभोवती गुंडाळला गेला. मी आरसा टाकला, तो लोखंडावर फुटला, आणि काचांवरूनच मी दोराला हात घातला. आम्ही चौघांनी ओढलं. वजन आलं ते ओल्या पोत्यासारखं, हातपाय न मारणारं. आणि वर येतायेताही तो गातच होता. गाणं म्हणजे नुसते ओठ हलत होते, कारंज्याच्या वेशीपाशी, कारंज्याच्या वेशीपाशी. तोंडावर हसू होतं. ते हसू मला ठाऊक होतं. एकदा मलाही आलं होतं, आणि तेव्हा माझी शिवी अर्ध्यात तुटताच मामूनं मला वर खेचलं होतं. गवय्याची ओळ तुटलीच नाही. पाठ झालेलं गाणं माणूस गेला तरी थोडा वेळ चालत राहतं, हे आमच्या रितीत कुणी धरलंच नव्हतं.

त्याला खाली उतरवून फाटकाजवळच्या निंबाखाली निजवलं. मामूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. “बेटा, बेटा, आँख खोल,” असं म्हणत होता आणि म्हणता म्हणता रडायला लागला. एवढा थोराड माणूस, दाढी भिजेपर्यंत रडला. रुमाल गवय्याच्या कमरेलाच होता, म्हणून डोळे हातानं पुसत होता. सगळा डेपो भोवती गोळा झाला. बाबू लेखणी टाकून धावत आला. बाया पदर तोंडात धरून उभ्या राहिल्या.

आणि मी मागे उभा होतो. पायाला काच लागून रक्त येत होतं, हाताची साल निघाली होती, आणि माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. कुणी पाहावं अशी ती वेळ नव्हती, कळतं मला. तरीही खरं तेच सांगतो, मामूची ती भिजलेली दाढी पाहून माझ्या काळजाला जे लागलं ते काचेपेक्षा जास्त लागलं. माझ्यासाठी हा माणूस कधी रडला नव्हता.

गवय्या वाचला. ओकला, थरथरला, संध्याकाळपर्यंत नुसता बसून राहिला. त्याला काहीच आठवत नव्हतं. गाणं पुरं झालं, बहिणीच्या दारात गाडी उभी केली, असंच तो सांगत होता. पुन्हा टाकीत जायला त्याचं मन धजलं नाही आणि कुणी म्हटलंही नाही. तो डबे भरायला लागला. मला भेटला तेव्हा पायाला हात लावायला वाकला, मी पाय मागे घेतले. त्याचा राग करायला मला तेवढीच जागा उरली होती.

मामूनं रीत बदलली. टाकीत गाणं बंद, पाठ केलेलं काहीही बंद, देवाचं नावसुद्धा बंद. वरच्यानं विचारायचं, खालच्यानं उत्तर द्यायचं, आणि उत्तर नवं पाहिजे. पण हे तो सगळ्यांना सांगत होता तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हता, आणि मीही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. समोरून आला की मी डबे मोजायला लागायचो. बायको म्हणाली, आता तर गवय्या नाही, आता काय झालं?

पेट्रोलच्या टाकीची सफाई अर्धीच राहिली होती. वारं सुटलं तशी ती पुरी करायची ठरली, आणि उतरणारा पुन्हा मीच. मामू भिजवलेला दोर घेऊन समोर आला. दोर प्रत्येक वेळी करायचा तसा तळहातातून सगळा फिरवून पाहिला. मग खांद्यावरचा रुमाल काढला आणि पट्टी करायला लागला.

ती पट्टी पाहून माझा बांध फुटला. “ठेवा तो रुमाल. इतकी वर्सं नाई आठोला, आता कायले? जा, गवय्याले बांधा.”

तो थांबला. हमाल दुसरीकडे पाहायला लागले.

“त्याच्यासाठी रडले तुमी,” मी म्हटलं. आवाज माझ्या ताब्यात नव्हता. “साऱ्या डेपोसमोर रडले. माह्यासाठी कधी रडले तुमी मामू? मी का कमी वेया मरता मरता राह्यलो?”

मामूनं रुमाल परत खांद्यावर टाकला. दोर माझ्या कमरेभोवती घेतला, कोऱ्या अंगावर, नेहमीसारखा, आणि गाठ मारू लागला. गाठ ओढून पाहिली.

“याच्या खाली फडकं असलं का दोर सरकते,” तो म्हणाला. “तुह्या अंगावर कधी सरकू नाई देला. अन् रडू कायले तुह्यासाठी? त्याच्या टायमाले माहे डोये मिटले. तू आत असला का माहे डोये कधी मिटलेच नाईत बे.”

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “चाल. उतर. अन् नवं बोलजो काई.”

मी शिडी उतरलो. ऊन माझ्या पायाशी आलं. आरसा दुसरं कुणीतरी धरून होतं, बरोबर धरत नव्हतं. वरून मामूनं विचारलं, “काय म्हणते तुहा सासरा?”

माझ्याजवळ सासऱ्यासाठी शिव्यांची कमी कधीच नव्हती. पण त्या वेळी मामूनं वर सांगितलेलं डोक्यात फिरत होतं आणि एकही शिवी सुचेना. मी खोरं धरून उभा होतो, शुद्धीवर होतो, वाफेचा वासही नव्हता; फक्त तोंडातून आवाज येत नव्हता. एक श्वास घेतला असेल नसेल. कमरेला असा हिसका बसला की खोरं हातातून उडालं, डोकं शिडीवर आपटलं आणि मी विहिरीच्या बादलीसारखा वर गेलो.

टाकीच्या तोंडातून डोकं बाहेर निघालं तेव्हा समोर मामूचं तोंड होतं, राखेसारखं झालेलं. त्यानं दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि गदागदा हलवले.

“बोलत काहून नाई? आँ? बोलत काहून नाई बे हरामखोरा?”

शिव्या दिल्या त्यानं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि एकही मी पूर्वी ऐकलेली नव्हती. मी त्याचे डोळे पाहत होतो. पाणी होतं. गवय्याच्या वेळी होतं त्याहून जरा जास्तच होतं.